पोचा

सरोवराच्या काठी करंगळीएवढी मासळी वाळत घालतात,
चांदीचा कोंडा सांडावा तशी.
तिला इथे दगा म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी एकटीच हसले.
माझ्या भाषेतला अर्थ
कबुलाला सांगितला फार उशिरा,
तिची गोष्ट सांगून झाल्यावर.

तिची आत्या लिमी गेली तेव्हा
मागे राहिली बाजारातली ताडपत्रीभर जागा
आणि एक डबा, कधीकाळी वनस्पती तुपाचा.
तळाला मुठीएवढा पोचा,
बाहेरून ठोकून आत घेतलेला.
वर शीग दिसे, खाली पोकळी बसे.
सगळ्याच डब्यांना होता तसा.
गिऱ्हाइकांना ठाऊक, म्हणून ती घासाघीस करीत,
म्हणून नफा उरत नसे,
म्हणून पोचा लागे.
असं ते गोल गोल चालायचं, सगळ्यांच्या संमतीने.

एकोणिसाव्या वर्षी कबुला
ह्याच पाण्यात बुडून, बाप्तिस्मा घेऊन वर आली.
"डबा काठावर होता," ती म्हणाली,
"तो कोरडाच राहिला."

मग अकरा वर्षं
गायनवृंदात दुसरा सूर,
दशांश मोजून, एक शिलिंग इकडेतिकडे नाही,
नवऱ्याची दारू सुटावी म्हणून शुक्रवारचे उपास,
आणि रोज सकाळी तोच डबा.
पाळकांनी कधी विचारलं नाही.
पाळकांची बायकोही त्याच मापाने घ्यायची.

एका दुपारी धाकटी न्यान्झाला
वाळूचं दुकान मांडून बसली.
दह्याचा रिकामा पेला,
गिऱ्हाईक म्हणून शेजारचा मुलगा.
भरण्याआधी तिने अंगठ्याने
पेल्याचा तळ आत दाबला —
टक् —
मग वाळू भरली, शिगोशीग,
आणि वर म्हणाली, "देव तुझं भलं करो."
तेही आईचंच.

त्या रात्री हातोडी.
शेजारून मासांजा ओरडला, लग्न आहे का कुणाचं?
पत्रा पुरता सपाट झाला नाहीच.
एका जागी फाटला, तिथे डांबर लावलं.
दुसऱ्या दिवसापासून
डब्यामागे दीड ओंजळ जास्त जाऊ लागली,
आणि थोरल्याची फी दोनदा चुकली.

"संतीण झालीस?" शेजारची न्यामिझी म्हणाली,
"आमच्या पोटावर पाय देऊन?"
"मी निदान चोर नाही,"
कबुला म्हणाली, चार बायकांसमोर.
"आणि तेव्हा बघ," मला सांगताना
तिने छातीवर अंगठा टेकवला,
"इथे आवाज आला. टक्."

पत्र्याला एक रात्र लागली होती.
माफी मागायला तीन आठवडे.
न्यामिझी अजून पाठ करून बसते.
तिच्या डब्याचा तळ कबुला बघत नाही,
म्हणजे, बघायचं नाही असं रोज सकाळी ठरवते.

मग मी तिला सांगितलं दगा म्हणजे काय,
आणि मापात पाप असंही आम्ही म्हणतो ते.
ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले.
"म्हणजे इतकी वर्षं मी खरं तेच ओरडत होते!
दगा घ्या, ताजा दगा!"

हसत हसतच तिने माझा डबा भरला,
हलवला, पुन्हा भरला, आणि थबकली.
दोन बोटं डब्याच्या आत होती,
जुन्या सवयीने, जागा अडवून.
तिने ती बाहेर काढली,
दुसऱ्याची पोरं अंगणात सापडावीत
तशी त्यांच्याकडे बघितलं,
आणि तेवढी मासळी वरून घातली.

सकाळी इस्पितळात, औषधांच्या खिडकीशी
पुन्हा पुन्हा तेच विचारणाऱ्या म्हाताऱ्याला
मी काय बोलले होते
ते मला तेव्हा आठवलं.
पिशवी वाटली होती त्याहून जड होती.